डाव्या वळणावरचा आवाज

धाकटीला एकसष्टावं वर्ष लागलं तरी नात्यात आणि ओळखीत सगळे तिला धाकटीच म्हणायचे. थोरला भाऊ डोक्यावर असला की माणसाला थोरलं व्हायची सोयच नसते. दादा तिच्याहून पाच वर्षांनी मोठा, आणि बोलायला दहा वर्षांनी.

तरुणपणी या दोघांनी सात वर्षं मोटारींच्या रॅली केल्या होत्या. दादा गाडी चालवायचा आणि धाकटी शेजारी बसून रस्ता वाचायची. रस्ता वाचायचा म्हणजे काय, तर आदल्या दिवशी सावकाश फिरून प्रत्येक वळण वहीत टिपून ठेवायचं आणि शर्यतीत ते नेमक्या वेळी ओरडून सांगायचं. "शंभर, उजवं, आवळतं. लगेच डावं, लांब." शंभर म्हणजे वळणापर्यंतचे मीटर, आवळतं म्हणजे पुढे अधिकच तीव्र होत जाणारं. वळण डोळ्यांना दिसायच्या आत दादाने त्या शब्दांच्या भरवशावर गाडी झोकून द्यायची. घरात पंखा किती वेगाने लावायचा यावरूनही वाद घालणारा दादा गाडीत मात्र तिचा शब्द खाली पडू द्यायचा नाही.

गाडी दोन दारांची, गडद हिरवी, लांब नाकाची. सहा सिलिंडरचं इंजिन, आणि आवाज असा की सिग्नलला उभी राहिली तरी शेजारचा स्कूटरवाला वळून बघायचा. पुढे रॅली सुटल्या. दादाने ड्रायव्हिंग स्कूल काढलं, धाकटी जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायला लागली, दोघांचे संसार झाले. गाडी दादाच्या घरामागच्या शेडमध्ये चादर पांघरून राहिली. दर रविवारी तो तिला बाहेर काढायचा, पुसायचा, गावाबाहेर एक चक्कर मारून परत आणायचा. वहिनी तिला सवत म्हणायची. "सवतीची अंघोळ झाली असेल तर जेवायला या," अशी रविवारची हाक असायची.

मग दादाला काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसायचं, पण बाजूचं हळूहळू विझत चाललं होतं. जन्मभर लोकांना गाडी शिकवलेल्या माणसाचं लायसन्स पुन्हा करून मिळालं नाही. दादाने आरडाओरडा केला नाही. त्याने दातांच्या एका डॉक्टरबाईंना फोन केला. त्या कधीपासून गाडी विकत मागत होत्या. पंधरा दिवसांनी येऊन घेऊन जायचं ठरलं.

"तोवर इंजिन फिरतं राहायला हवं," दादा धाकटीला म्हणाला. "रविवारी ये. तू चालव, मी बसतो."

 सात वर्षं धाकटी त्या गाडीत बसली होती, जेवली होती, झोपली होती. एकदा तर कडी तुटलेलं दार तिने तासभर हाताने ओढून धरलं होतं. पण स्टिअरिंगला हात लावायची वेळ कधी आली नव्हती. कोणी मनाई केली नव्हती. कोणी विचारलंही नव्हतं.

रविवारी सकाळी तिने सीट पुढे ओढली, आरसे फिरवले आणि क्लच दाबला. तो इतका जड की गुडघा कुरकुरला. शहराबाहेर पडेपर्यंत दादाची शाळा चालू होती. "क्लचवर पाय ठेवून बसू नकोस. दुसरा टाक. अगं, दुसरा! आता सोड, हळू." डोंगराचा रस्ता लागला आणि तो गप्प झाला, कारण धाकटी चुकत नव्हती. वळण यायच्या आधी तिचे ओठ आपोआप हलत होते आणि ओठांच्या मागोमाग हात. काच खाली केलेली होती. तापलेल्या इंजिनाचा, जुन्या कातड्याचा आणि पेट्रोलचा तो एकत्र वास आला. किती वर्षांनी! तिने पाय आणखी खाली दाबला.

तलावाच्या वरच्या अंगाला एक लांबलचक डावं वळण आहे. संपता संपत नाही. धाकटीने ते तिसऱ्या गिअरमध्ये घेतलं. मधोमध पोचली आणि पायाखालून कुठूनतरी आवाज आला. खर्र, खर्रर्र, मग टकटकटक. पत्र्याच्या बंद डब्यात कोणी चमचा घालून हलवावा तसा. वळण संपलं, गाडी सरळ झाली आणि आवाज गेला.

तिने गाडी कडेला घेतली. 

"ऐकलंस?"

"काय?" दादा समोर बघत म्हणाला.

"आवाज. इंजिनातून आला."

दादाने खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला.

"तुझे कान वाजतायत, धाकटे," तो म्हणाला.

हे वाक्य चौतीस वर्षं जुनं होतं.

चौतीस वर्षांपूर्वी, त्यांच्या शेवटच्या रॅलीत, तिसऱ्या दिवशीच्या भर दुपारी ती दोघं चाळीस सेकंदांनी सगळ्यांच्या पुढे होती. बारा किलोमीटर उरले होते. असंच एक लांब डावं वळण चालू असताना धाकटीला इंजिनातून आवाज आला आणि ती ओरडली, "बंद कर! इंजिन बंद कर!" दादाने त्याच क्षणी किल्ली फिरवली. गाडी मुकाट्याने घरंगळत कडेला जाऊन थांबली. टायरखालची खडी तेवढी वाजत होती. मागून येणाऱ्या गाड्या एकेक करून धुरळा उडवत निघून गेल्या, आणि त्यांच्याबरोबर कप गेला.

त्यांच्या मिस्त्रींनी नंतर आठ दिवस इंजिन तपासलं. वरचं हेड उघडलं, व्हॉल्व्ह बघितले, साखळी बघितली, तेल फडक्यातून गाळून पाहिलं. "काही नाही," मिस्त्री म्हणाले. "इंजिन खणखणीत आहे." ज्या टायर कंपनीच्या जिवावर त्यांच्या रॅली चालायच्या तिने हात काढून घेतला आणि सगळं तिथेच थांबलं.

दादा तिच्यावर कधी रागावला नाही. त्याने त्याचा विनोद केला. लग्नकार्यात, वाढदिवसाला, चार माणसं जमली की सांगायचा, "आमच्या धाकटीचे कान वाजतात. एकदाच वाजले, पण कप घेऊन गेले!" लोक हसायचे. धाकटीही हसायची. हसता हसता तिला ते खरंच वाटायला लागलं होतं. घरात नळ ठिबकतोय असं वाटलं तरी ती उठायच्या आधी नवऱ्याला विचारायची, "तुला ऐकू येतंय का?"

त्या रविवारी मात्र तिने वाद घातला नाही. गाडी परत आणून शेडमध्ये लावली आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. सोमवारी सकाळी ती एकटीच येऊन गाडी मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये घेऊन गेली.

मिस्त्री आता अठ्ठ्याहत्तरचे. गॅरेज त्यांची मुलगी चालवायची. मिस्त्री सकाळी डबा घेऊन यायचे, दारातल्या खुर्चीवर बसून पेपर वाचायचे आणि लेकीने विचारलं नाही तर काही सांगायचे नाहीत. न सांगण्याचा त्यांना किती त्रास होतो ते त्यांच्या हलत्या पायावरून कळायचं.

मुलीने गाडी लिफ्टवर घेतली. लांब सळईचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून तिने जागोजाग ऐकलं. एकेका प्लगची वायर काढून पाहिली. बेअरिंग गेलं असेल तर एखाद्या सिलिंडरची वायर काढल्यावर आवाज बदलतो, असं तिने समजावलं. पण बदलायला आवाज होता कुठे? पट्टे बघितले, सायलेन्सरचे क्लॅम्प आवळले, इंजिनाच्या रबरी बैठका हलवून पाहिल्या.

"मावशी, हे तर घड्याळासारखं चालतंय," ती हात पुसत म्हणाली. "तुम्हाला नक्की आवाज आला ना?"

धाकटीचं तोंड उतरलं. नेमका हाच प्रश्न ती वाटभर स्वतःला विचारत आली होती.

तेवढ्यात पेपर खाली आला. "अगं, तेव्हा मीही हेच केलं होतं," मिस्त्री म्हणाले. "उभी गाडी तपासली. जिना चढताना धाप लागणाऱ्या माणसाला खुर्चीत बसवून नाडी बघायची, त्यातली गत. आवाज चालताना येतो ना? मग चालतानाच ऐकायचा." ते उठले, गाडीजवळ आले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. "ताई, तुम्ही पूर्वी वळणं लिहायचात तशी लिहायची. वळण डावं का उजवं, छोटं का लांब, गिअर कोणता, इंजिन किती तापलंय, आवाज आला का नाही. चाळीस-पन्नास वळणं तरी व्हायला हवीत. मी मागे बसतो."

"मी चालवणार तर लिहिणार कोण?"

"ज्यांना समोरचं चांगलं दिसतं ते," मिस्त्री शांतपणे म्हणाले.

दादा आला, पण कुरकुरत. "कान हिचे वाजतात आणि वही मी लिहायची! उलटा न्याय आहे." मिस्त्री मागच्या चिंचोळ्या सीटवर उशी घेऊन, गुडघे हनुवटीला टेकवून बसले. दादाच्या मांडीवर वही, हातात जाड पेन. एरवी या बाजूला तो कधी बसलाच नव्हता. परवा बसला तेवढाच.

पहिली पाच-सहा वळणं ठीक गेली. नंतर दादाचं अक्षर ओळी सोडून चढायला लागलं. धाकटीने तिरप्या नजरेने बघितलं.

"नीट लिही. मला वाचता आलं पाहिजे."

"गाडी नीट चालव मग!"

"गाडी नीटच चालतेय. तू काट्याकडे बघ. इंजिन किती तापलंय?"

बाराव्या वळणापाशी दादाचा चेहरा पांढराफटक पडला. "थांब," तो म्हणाला. "थांबव, थांबव." गाडी थांबते न थांबते तोच तो दार उघडून कठड्याकडे धावला. मिस्त्रींनी सभ्यपणे दुसरीकडे तोंड फिरवलं.

धाकटी पाण्याची बाटली घेऊन त्याच्याजवळ गेली. कठड्यावर बसून त्याने चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं. खाली तलाव उन्हात पडला होता.

"वहीत बघायचं आणि गाडी अशी हलतेय," तो म्हणाला. "तू हे सात वर्षं कसं केलंस?"

"पहिली दोन वर्षं पायाशी पिशवी ठेवायचे मी. तू टायर बघायला उतरलास की टाकून यायचे."

"कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर तू दुसऱ्या कोणाला घेतलं असतंस."

 दादा उठला, स्वतःच जाऊन सीटवर बसला आणि पट्टा लावला. "चल," म्हणाला.

त्यानंतर त्याने एकदाही थांबायला सांगितलं नाही. डोंगर चढून ते पलीकडे उतरले, वळून परत आले, पुन्हा चढले. तलावाच्या वरचं वळण सकाळी जाताना गप्प होतं. परत येताना ते उजवं लागलं, तेव्हाही गप्प. दुसऱ्या फेरीत, इंजिन चांगलं तापल्यावर, वळणाच्या मध्याला आवाज आला. खर्र, खर्रर्र, टकटकटक.

"आला!" मिस्त्री मागून ओरडले. "ऐकला मी! ताई, आला!"

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. रस्ता दिसेना म्हणून तिने बाहीने डोळे पुसले आणि गाडी तशीच पुढे नेली. त्या दुपारी तो आवाज आणखी तीनदा आला. प्रत्येक वेळी मिस्त्री लहान मुलासारखे "आला, आला" करत होते आणि दादा मान खाली घालून लिहीत होता.

गॅरेजमध्ये परत आल्यावर मिस्त्रींच्या मुलीने टेबलावरचे नट-बोल्ट बाजूला सारले. धाकटी वही वाचायला बसली. मिस्त्री डोळे मिटून प्रश्न विचारत होते.

"आवाज आला ती वळणं किती?"

"चार. चारही डावी."

"उजवं एकही नाही?"

"एकही नाही. छोटी डावीसुद्धा नाहीत. लांब आहेत तीच."

"आणि इंजिन थंड असताना?"

"नाही. काटा अर्ध्याच्या वर गेल्यावरच."

मिस्त्रींनी डोळे उघडले. "सैल झालेलं लोखंड असतं तर ते वळणाच्या सुरुवातीलाच वाजलं असतं. वळण छोटं की लांब, त्याला काय करायचंय? हा वेळ घेतोय. म्हणजे काहीतरी हळूहळू एका बाजूला सरकतंय. सरकायला वेळ लागतो तो पातळ वस्तूला. आणि तापली की अजून पातळ होणारी वस्तू गाडीत कोणती?"

"तेल," मुलगी म्हणाली.

"तेल. ते एका बाजूला गेलं की दुसरी बाजू कोरडी पडते. त्या कोरड्या बाजूला काहीतरी सुटलंय." मिस्त्रींचा आवाज खाली आला. "इंजिनाच्या पोटाखाली तेलाचा चेंबर असतो, ताई. तो काढायचा तर इंजिन वर उचलावं लागतं. तेव्हा मी तेल गाळून पाहिलं, त्यात लोखंडाचा कण मिळाला नाही, म्हणून चेंबर उघडलाच नाही. मीच आळस केला."

धाकटीचं त्यांच्या शेवटच्या वाक्याकडे लक्ष नव्हतं. ती शेवटचं पान वाचत होती. तिथे दादाने वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'अडतिसावं. डावं, लांब. तिसरा गिअर. आवाज हो. तोच. फक्त त्या वेळी याहून मोठा होता.'

तिने ते दोनदा वाचलं. मग वही फिरवून दादापुढे धरली.

"त्या वेळी म्हणजे कधी, दादा?"

दादाने वहीकडे बघितलं आणि त्याचा हात आपोआप पुढे आला, जणू तो शब्द अजून पुसता आला असता. मिस्त्रींच्या मुलीने उठून कॉम्प्रेसर बंद केला. 

"मलाही ऐकू आला होता," दादा म्हणाला. "तुझ्या आधी, धाकटे. त्याच्या आधीच्या लांब वळणावर. तू वहीत होतीस. मी म्हटलं, बाराच किलोमीटर राहिलेत, निघून जातील. पाय उचलला नाही. मग तू ओरडलीस आणि मी किल्ली फिरवली. खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलणार होतो. पण मिस्त्री म्हणाले, काही नाही. तेव्हा वाटलं, लोक म्हणतील, जिंकता जिंकता हा घाबरला. बहीण घाबरली म्हणणं सोपं होतं. एकदा म्हटलं, लोक हसले. मग ते तसंच चालू राहिलं."

धाकटीने वही मिटली. ती ओरडली नाही. "दादा, मी चौतीस वर्षं घरातला नळ ठिबकत असला तरी आधी दुसऱ्याला विचारते," ती म्हणाली. "माझ्या कानांवर माझा विश्वास नाही म्हणून." तिने गाडीची किल्ली बॉनेटवर ठेवली आणि ती चालत निघून गेली. बसथांब्यापर्यंत कोणी तिच्या मागे आलं नाही, आणि आलेलं तिला चाललंही नसतं.

चार दिवस तिने दादाचा फोन घेतला नाही. पाचव्या दिवशी वहिनीचा आला.

"मी त्यांची वकिली करायला फोन केलेला नाही," वहिनी म्हणाली. "मलाही परवाच कळलं. चार दिवस धड जेवत नाहीयेत. म्हटलं बरंच झालं, पोट उतरेल. मिस्त्रींनी इंजिन उचललंय. तुम्हाला दोघांना बोलावलंय, तेवढा निरोप द्यायचा होता."

धाकटी गेली. इंजिन साखळीला लटकत होतं आणि गाडीचं नाक रिकामं होतं, दात काढलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडासारखं. दादा आधीच येऊन कोपऱ्यात उभा होता. ती त्याच्या डाव्या बाजूने आत आली. त्याला ते दिसलं नाही. ती समोर आल्यावरच तो दचकला.

टेबलावर तेलाचा चेंबर उपडा न ठेवता उताणा ठेवला होता. आत तेल उसळू नये म्हणून पत्र्याचा एक आडवा पडदा जोडलेला असतो. मिस्त्रींनी त्याच्या डाव्या कोपऱ्याखाली करंगळी घातली आणि कोपरा सहज वर आला.

"इथली वेल्ड सुटलीय. तेल या बाजूला भरलेलं असलं की त्याच्या वजनाने पत्रा दबून राहतो. लांब डाव्या वळणावर तेल पलीकडे गेलं की हा फडफडतो आणि वर फिरणाऱ्या क्रँकच्या दांड्याला घासतो. दादा, तुम्ही इतकी वर्षं रविवारी गाडी फिरवलीत, पण वळण कधी जोरात घेतलं नसणार."

"त्या दिवसानंतर कधीच नाही," दादा म्हणाला. "ही घेईपर्यंत."

मिस्त्रींनी पत्र्याची कड फडक्याने पुसली. "आता हे बघा. ही चकाकती रेघ दिसते ना? ती या पंधरा दिवसांतली. आणि तिच्या शेजारी ही दुसरी. तपकिरी. हिच्यावर तेल जळून थर बसलाय. नखाने निघत नाही. असा थर बसायला खूप वर्षं जातात."

धाकटीने नख लावून पाहिलं. थर निघाला नाही. तिला जिंकल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. तिला आठवली ती सव्वीस वर्षांची धाकटी, हेल्मेट मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेली, धुरळ्यात जाणाऱ्या गाड्या मोजणारी. तिच्याजवळ जाऊन बसावं, काहीतरी सांगावं असं वाटलं.

"पुढे गेलो असतो तर?" दादाने विचारलं.

"मी काही ज्योतिषी नाही. पत्रा तुटून क्रँकमध्ये अडकला असता तर इंजिन जागच्या जागी आवळलं असतं, आणि पुढे उतार होता. पण कदाचित बारा किलोमीटर निघूनही गेले असते." मिस्त्री धाकटीकडे वळले. "ताई, तेव्हा मी 'काही नाही' म्हणालो. 'मला सापडलं नाही' म्हणायला हवं होतं. दोन्हींत फरक आहे. तो तुम्हाला भोगावा लागला."

धाकटीने मान हलवली. मिस्त्रींवर तिला रागावताच येईना. मग ती दादाला म्हणाली, "तुझं काय?"

"ज्यांना ज्यांना तो विनोद सांगितलाय त्यांना खरं सांगतो," दादा म्हणाला.

"निम्मे लोक गेले त्यातले."

"उरलेल्यांना सांगतो."

त्याने तिथेच खिशातून फोन काढला आणि तो नाकासमोर धरून नंबर शोधला. पहिला फोन केला तो त्या वर्षी कप जिंकलेल्या माणसाला. पलीकडचा म्हातारा आधी काही ऐकायलाच तयार नव्हता. शेवटी त्याचा आवाज गॅरेजभर ऐकू आला, "म्हणजे आता कप परत मागतोयस की काय?" मिस्त्रींची मुलगी खो खो हसली. धाकटीलाही हसू आलं. ते तिने आवरलं नाही, पण दादाकडे बघितलंही नाही. सगळा राग एका दुपारी जाणार नव्हता, आणि दादानेही तशी घाई केली नाही. त्या आठवड्यात त्याने एकोणीस फोन केले. वहिनीने मोजले होते.

पत्रा जोडला गेला, इंजिन परत बसलं. धाकटीने डॉक्टरबाईंना स्वतः फोन करून सांगितलं की गाडी आता घरातच राहील, ती चालवणार आहे. बाई रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, दाढ दुखली तर दुसरा दवाखाना शोधा.

तेव्हापासून महिन्यातून दोन शनिवार ती दोघं निघतात. सुरुवातीला गाडीत फारसं बोलणं व्हायचं नाही. मग हळूहळू व्हायला लागलं. ज्या गावांमधून ती कधीकाळी डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून गेली होती, त्या गावांत आता ती थांबतात. त्यातलं एक गाव तिच्या वहीत नुसतं 'ऐंशी, पूल, उजवं, घसरडं' एवढंच होतं. पुलापाशी गाडी लावून खाली उतरल्यावर त्यांना दिसलं की तिथे एक वाचनालय आहे, शाळा आहे, शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या दहा-बारा सायकली आहेत, आणि नदीकाठी एक शिंपी दारात मशीन घेऊन बसतो.

"इतकं सगळं होतं इथे?" दादा म्हणाला.

"पायरी आहे," धाकटी म्हणाली आणि त्याच्या डाव्या कोपराला धरून तिने त्याला चहाच्या दुकानात नेलं.